साक्षीपलीकडचा सिनेमा

आनंद पटवर्धन यांच्या ‘हमारा शहर’ (1985) या माहितीपटात एक बाई थेट दिग्दर्शकालाच फैलावर घेते. शहरभर झोपड्या पाडल्या जात असतात आणि हा माणूस कॅमेरा घेऊन उभा. गरिबांची चित्रं काढून तुम्ही नाव कमावणार, आमच्या पदरात काय पडणार, असा तिचा सवाल आहे. पटवर्धनांनी तो भाग कापला नाही. त्याला धैर्य लागतं, आणि त्या चित्रपटाची नैतिक उंची बरीचशी त्या एका निर्णयात आहे. पण निर्णय त्यांचा होता. बाईकडे प्रश्न होता, कात्री नव्हती.

कात्री हाती आली तर काय होतं, याची उत्तरं देणारे चित्रपट जगात आहेत. बेघरपण भोगलेल्या माणसांनी स्वतः केलेले, किंवा करताना बरोबरीने हात लावलेले. न्यूयॉर्कच्या बोगद्यात, टोकियो-ओसाकाच्या मजूरवस्त्यांत, साओ पाउलोच्या ओस पडलेल्या हॉटेलात ते तयार झाले. त्यांच्यावर लिहिलं जातं ते बहुधा समाजकार्याच्या अंगाने: किती जणांनी भाग घेतला, कोणाचा आत्मविश्वास वाढला, कोणाला निवारा मिळाला. हे प्रश्न महत्त्वाचे आहेतच. पण चित्रपट म्हणून ते कसे आहेत, हे विचारायला समीक्षक कचरतात. सोसलेल्या माणसाच्या कामात खोट कशी काढायची, असं त्यांना वाटत असावं. मला या संकोचात आदर कमी आणि दुरावा जास्त दिसतो. ज्याचं काम आपण कलाकृती मानतो, त्याच्या उणिवाही आपण बोलून दाखवतो.

हे चित्रपट एकापाठोपाठ पाहिले की एक गोष्ट ठळक होते. बेघर माणसाला पडद्यावर साक्ष द्यायची मुभा सहज मिळते. घर कसं गेलं, दारू कशी लागली, पोलिसांनी कसं हाकललं, हे त्याने सांगायचं आणि आपण ऐकायचं. कल्पना करायची मुभा मात्र त्याला क्वचितच मिळते. दुसऱ्याचं सोंग आणायची, न घडलेलं रचायची, हसवायची, प्रकाश कुठून यावा हे ठरवायची. जिथे ही मुभा मिळाली, किंवा माणसांनी ती घेतली, तिथेच हा सिनेमा वयात आला.

जुनी परंपरा साक्षीचीच आहे. लायोनेल रोगोसिन यांनी 1956 साली ‘ऑन द बावरी’ केला तो न्यूयॉर्कमधल्या दारुड्यांच्या वस्तीत महिनोन्‌महिने वावरून. तिथलीच माणसं घेतली, त्यांच्याकडून त्यांचंच आयुष्य वठवून घेतलं. चित्रपट व्हेनिसला गौरवला गेला, ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोहोचला. त्यातल्या दोन प्रमुख माणसांपैकी एक चित्रीकरणानंतर थोड्याच काळात दारूने पोखरलेल्या यकृतापायी गेला. दहा वर्षांनी, नोव्हेंबर 1966 मध्ये, बीबीसीने केन लोच दिग्दर्शित ‘कॅथी कम होम’ दाखवलं. सुमारे 1 कोटी 20 लाख लोकांनी ते पाहिलं, ब्रिटनमध्ये खळबळ माजली आणि पुढच्याच वर्षी ‘क्रायसिस’ ही बेघरांसाठीची संस्था उभी राहिली. एका दूरचित्रवाणी नाटकाने याहून अधिक काय करावं? तरीही कॅथी ही अभिनेत्री होती आणि तिची कहाणी दुसऱ्याने लिहिलेली होती.

कात्रीचा प्रश्न पद्धतशीरपणे हाताळला तो कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डाने. 1967 मध्ये कॉलिन लो न्यूफाउंडलंडच्या फोगो बेटावर गेले, तेव्हा तिथल्या कोळ्यांवर गावं सोडून सरकार सांगेल तिथे जाण्याची टांगती तलवार होती. ते अजून बेघर झालेले नव्हते, पण होण्याच्या उंबरठ्यावर होते. लो यांनी 27 छोटे चित्रपट केले आणि एक नियम पाळला: चित्रित झालेल्या माणसांनी आधी पाहायचं, नको ते काढायला सांगायचं, त्यानंतरच ते बाहेर जाणार. मग ते सत्ताधाऱ्यांना दाखवले गेले आणि मंत्र्याचं उत्तर चित्रित करून बेटावर आणलं गेलं. बेट उठलं नाही, कोळ्यांची सहकारी संस्था उभी राहिली. चित्रपट म्हणून हे तुकडे संथ आहेत, एका माणसाचं किंवा एका प्रसंगाचं बोलणं फारसं न कापता ठेवलेलं. तो संथपणा मला दोष वाटत नाही. माणसाला अर्ध्यावर न तोडण्याची ती किंमत आहे. दोन वर्षांनी माँट्रियलच्या सें-जाक या गरीब भागात नागरिकांच्या समितीने खांद्यावरचा व्हिडिओ कॅमेरा स्वतः उचलला आणि संकलनही स्वतः केलं. आज ‘सामुदायिक व्हिडिओ’ म्हणून जे काही चालतं, त्याचं बरंचसं मूळ इथे आहे.

तंत्र कोणाकडे, या प्रश्नाचं सर्वांत अनपेक्षित उत्तर ‘डार्क डेज’ (2000) देतो. मॅनहॅटनच्या पश्चिम बाजूला, हडसन नदीकाठच्या उद्यानाखाली रेल्वेचा बोगदा आहे. त्यात लोकांनी फळ्यापत्र्यांच्या खोल्या बांधल्या होत्या, शहराच्या तारांतून वीज घेतली होती, कुत्री पाळली होती. इंग्लंडहून आलेला मार्क सिंगर हा तरुण त्यांच्यात राहू लागला. चित्रपट करावा ही कल्पना बोगद्यातल्याच एकाची. सिंगरने त्याआधी कॅमेरा हाताळला नव्हता. कृष्णधवल फिल्म वापरली, तीही नवख्याच्या चुका ती जास्त सांभाळून घेते म्हणून. त्याचं तंत्रपथक म्हणजे बोगद्यातले रहिवासी. दिवे कुठून जोडायचे, कॅमेरा सरकवायची डॉली कशी बनवायची, अंधारात तारा कशा ओढायच्या, हे त्यांनी पाहिलं. ज्या कौशल्याने त्यांनी जमिनीखाली घरं उभारली होती, तेच चित्रपटाच्या कामी आलं.

म्हणूनच ‘डार्क डेज’चा प्रकाश दुसऱ्या कोणत्याही माहितीपटासारखा नाही. एखाद्या कोनाड्यात दिवा असतो आणि त्याच्या पलीकडे गच्च काळोख, कारण तिथे राहणाऱ्याला किती उजेड पुरतो हे ठाऊक आहे. चेहरे उजळण्याची घाई कुठेच नाही. दाढी करणारा, मक्याची भाकरी भाजणारा, मेलेल्या कुत्र्याबद्दल बोलणारा माणूस आपल्या घरात वावरतो आहे असं वाटतं, कारण कॅमेऱ्यामागे त्याचा शेजारी आहे. सनडान्स महोत्सवात या चित्रपटाला तीन पुरस्कार मिळाले, त्यांत छायाचित्रणाचाही होता. पुढे रेल्वे कंपनीने बोगदा रिकामा करायला सांगितलं, रहिवाशांना घरभाड्याच्या सरकारी मदतीचे कागद मिळाले, आणि ते आपल्याच खोल्या घणाने फोडताना शेवटी दिसतात. कल्पना आणि तंत्र त्यांचं, पण संकलन व्यावसायिक संकलकाने केलं आणि दिग्दर्शक म्हणून नाव सिंगरचंच राहिलं. मी हे त्याला दूषण म्हणून सांगत नाही, तोही काही काळ त्यांच्यासारखाच बेघर झाला होता. पण छायाचित्रणाच्या पुरस्कारात त्या वायरमनांचा, सुतारांचा वाटा किती, हा हिशेब चित्रपटाच्या इतिहासाने मांडायला हवा होता.

जपानमध्ये हा सिनेमा जिवावर बेतला. टोकियोतल्या सान्या भागात रोजंदारीवर जगणारे मजूर स्वस्त खोल्यांत राहतात, काम मिळालं नाही की रस्त्यावर झोपतात. तिथल्या मुकादमीवर आणि जुगारावर याकुझा टोळीचा ताबा होता. मित्सुओ सातो यांनी मजुरांच्या लढ्याबरोबर राहून ‘यामा’ या माहितीपटाचं चित्रीकरण सुरू केलं आणि डिसेंबर 1984 मध्ये टोळीच्या माणसाने त्यांना भोसकून मारलं. मजूर चळवळीतले क्योइची यामाओका यांनी इतरांच्या साथीने काम पुरं केलं. 1985 च्या अखेरीस चित्रपट तयार झाला. जानेवारी 1986 मध्ये यामाओकांना गोळ्या घालण्यात आल्या.

हा चित्रपट दुकानातून विकला गेला नाही. प्रदर्शन समितीने तो गावोगाव नेला, दाखवला आणि प्रत्येक खेळानंतर लोकांना बसवून चर्चा केली. पडद्यावर जखमी माणसं, घोषणा, पोलिसांशी झटापट आहे, पण त्याचबरोबर ओळखीच्या गल्लीतून चालणाऱ्याची सहज नजरही आहे. त्याचं राजकीय निवेदन मला कधी कधी जड वाटतं. मजूर गप्प बसलेले असतात, तेव्हा जे कळतं ते निवेदनात कळत नाही.

ओसाकातल्या कामागासाकी या मजूरवस्तीने याहून वेगळी वाट धरली. लिओ सातो यांचा ‘कामागासाकी कॉल्ड्रन वॉर’ (2017) ही 16 मिलिमीटरच्या फिल्मवर चित्रित केलेली प्रहसनाच्या अंगाची कथा आहे. टोळीची मानाची कढई चोरीला जाते, कढयांचे भाव चढतात, सगळी वस्ती भांडी शोधत सुटते, आणि मजुरांना गरम जेवण घालणाऱ्यांच्या कढईवरही संकट येतं. व्यावसायिक नटांबरोबर तिथलीच माणसं यात आहेत. पुनर्विकास, पोलीस, भूक हे सगळं त्यात येतं, पण येतं ते धावपळीतून आणि थट्टेतून. ज्यांना पडद्यावर नेहमी केविलवाणंच पाहिलं, ती माणसं इथे लबाडी करतात, पळतात, फसवतात. मला हा चित्रपट अनेक हळव्या माहितीपटांपेक्षा जास्त आदराचा वाटतो.

लंडनच्या ‘कार्डबोर्ड सिटिझन्स’ या 1991 पासूनच्या नाटक मंडळीचं काम याच दिशेचं. बेघरपण अनुभवलेल्या लोकांबरोबर ती नाट्यकर्मी ऑगस्टो बोआल यांच्या, प्रेक्षकालाही खेळात ओढणाऱ्या पद्धतीने नाटक करते. तिचे संस्थापक एड्रियन जॅक्सन आणि चित्रपटकार आंद्रेया लुका झिमरमन यांनी मिळून ‘हिअर फॉर लाइफ’ (2019) केला. लंडनचे दहा रहिवासी त्यात आपल्या गोष्टी सांगतात, एकमेकांच्या उसन्या घेतात, आणि कोणती कोणाची हे हळूहळू पुसट होत जातं. आपल्या दुःखाच्या मालकीपासून माणसाची सुटका करणारा हा मार्ग मला मोलाचा वाटतो. मध्यभागी चित्रपट सैलावतो, तालमीचा खेळ तालमीतच राहावा असे काही तुकडे पडद्यावर राहून गेलेत, हेही खरं.

या सगळ्यांत सर्वांत भरीव उदाहरण ब्राझीलचं. साओ पाउलोच्या मध्यभागी रिकाम्या पडलेल्या इमारती आणि त्याच शहरात घरभाडं न परवडणारे हजारो लोक. ‘सेम तेतो’, म्हणजे बिनछपराच्या लोकांच्या चळवळी रातोरात अशा इमारतींत शिरतात, त्या साफ करतात, पाणी-विजेची सोय करतात, मजल्यामजल्यावर नियम लावून राहू लागतात. अशीच एक इमारत म्हणजे जुनं हॉटेल केंब्रिज. दिग्दर्शिका एलियाने काफे यांनी तिथे ‘एरा ओ ओतेल केंब्रिज’ (2016) केला. कथा तिथल्या रहिवाशांबरोबर घडत गेली. चळवळीच्या नेत्या कार्मेन सिल्व्हा स्वतःचीच भूमिका करतात; काँगो आणि पॅलेस्टाइनहून आलेले निर्वासित, तिथेच राहणारे, पात्रं होतात; जोझे दुमों यांच्यासारखे कसलेले नट त्यांच्यात मिसळतात. इमारत खाली करण्याचा हुकूम येऊ घातला आहे, आणि त्या छायेत लोक भांडतात, प्रेम करतात, नाटकाची तालीम करतात, इंटरनेटवर आपल्या माणसांशी बोलतात.

या चित्रपटाची कलादिग्दर्शनाची बाजू मी कितीदा तरी लोकांना सांगितली आहे. कार्ला काफे आणि वास्तुकलेचे विद्यार्थी यांनी टाकून दिलेल्या वस्तूंतून नेपथ्य उभारलं ते चित्रीकरणानंतर रहिवाशांना वापरता येईल अशा बेताने. सेट मोडला नाही, तो घराचा भाग झाला. सिनेमाचा पैसा आणि श्रम कुठे मुरावेत, याचं इतकं नेटकं उत्तर मला दुसरीकडे सापडलेलं नाही. रात्री दुसरी इमारत ताब्यात घेण्याचा प्रसंग पाहावा: बसमधून उतरणारी माणसं, दबकी धावपळ, दार फुटण्याचा आवाज, आणि आत शिरल्यावर अंधारात एकमेकांना हाका. प्रशिक्षित नटांकडून हे वठलं नसतं, कारण कुठे पाय टाकायचा हे इथे पायांनाच ठाऊक आहे. उलट, दुमों यांचा सफाईदार अभिनय काही ठिकाणी रहिवाशांच्या साध्या बोलण्याशेजारी थोडा मोठ्या आवाजाचा वाटतो. 2019 मध्ये कार्मेन सिल्व्हा यांची कन्या, कलावती प्रेता फेरेइरा, चळवळीवरच्या आरोपांखाली काही महिने तुरुंगात होती. पडद्यावरची धास्ती रचलेली नव्हती.

मोबाइल हाती आल्यापासून चित्र बदललं, पण वाटतं तितकं नाही. लॉस एंजेलिसमध्ये स्वतः बेघरपण भोगलेले मार्क होर्वाथ 2008 पासून ‘इन्व्हिजिबल पीपल’ चालवतात: रस्त्यावरच्या माणसाशी सरळ, विनासंकलन वाटावी अशी मुलाखत. विचारणारा त्यातूनच आलेला असल्यामुळे बोलणाऱ्याच्या खांद्यावरचा ताण उतरतो, हे दिसतं. तरी साचा एकच, पुन्हा साक्षीचा. आणि याच देशात 2002 मध्ये ‘बमफाइट्स’ नावाच्या ध्वनिचित्रफिती विकल्या गेल्या, ज्यांत बेघर माणसांना पैसे आणि दारू देऊन मारामाऱ्या करायला लावलं जाई. कॅमेरा रस्त्यावर पोहोचला म्हणजे न्याय पोहोचला, असं मानणाऱ्याने त्या आठवाव्यात.

रोजच्या अडचणी याहून साध्या आणि अधिक निर्णायक आहेत. फोन कुठे चार्ज करायचा, रात्री चोरीला गेला तर चित्रित केलेलं कुठून आणायचं, पुढच्या आठवड्यात तोच माणूस त्याच पुलाखाली सापडेल का? चित्रपट महोत्सवाच्या अर्जात पत्ता आणि शुल्क लागतं. संमतीचंही तसंच. आज निवाऱ्यात राहणाऱ्या माणसाने हो म्हटलं. तीन वर्षांनी तो नोकरीला लागला, लग्न झालं, आणि ती चित्रफीत अजून इंटरनेटवर फिरते आहे. संमती मागे घेण्याची सोय नसेल, तर फोगोचा नियम आपण अर्धाच शिकलो.

आपल्याकडे काय? 2011 च्या जनगणनेत देशात सुमारे 17.7 लाख आणि महाराष्ट्रात सुमारे 2.1 लाख बेघर मोजले गेले. मुंबईच्या पदपथवासीयांचा प्रश्न ओल्गा टेलिस खटल्यामुळे 1985 मध्ये सर्वोच्च न्यायालयात गाजला. त्याच वर्षी ‘स्पार्क’ या संस्थेने पदपथवासीयांना बरोबर घेऊन त्यांची गणना केली. भायखळ्याच्या पदपथावरच्या ‘महिला मिलन’च्या बायकांनी पुढे घराचे आराखडे केले, 14 फूट उंचीची खोली आणि त्यात पोटमाळा अशी मागणी मांडली, पूर्ण आकाराची नमुन्याची घरं उभारून लोकांना दाखवली. ज्यांना फक्त हाल सांगायला बोलावलं जाई, त्यांनी घर कसं हवं याची कल्पना केली. सिनेमात याला तोडीस तोड असं काही मुंबईने अजून केलेलं नाही.

‘सलाम बॉम्बे’ (1988) रस्त्यावरच्या मुलांना घेऊन, त्यांच्या कार्यशाळा घेऊन केला गेला, आणि त्यातून सलाम बालक ट्रस्ट उभा राहिला. हे श्रेय मोठं आहे. पण मुलं नटच राहिली. ज्या मुलाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो पुढे बंगळुरूत रिक्षा चालवू लागला. गोव्यात मुख्यालय असलेल्या ‘व्हिडिओ व्हॉलंटियर्स’ने 2003 पासून देशभर वंचित वस्त्यांतल्या स्त्री-पुरुषांना चित्रीकरण शिकवलं. त्यांच्या छोट्या चित्रफितींच्या शेवटी संबंधित अधिकाऱ्याला फोन करा असं आवाहन असे, आणि त्यातून रस्ते, पाणी, मजुरी असे खरे प्रश्न सुटले. मी या कामाचा चाहता आहे. पण त्यातही समस्या, साक्ष, अधिकारी, उपाय हा क्रम इतका पक्का आहे की बातमीदाराला बाजूला नजर टाकायला जागा उरत नाही. अहमदाबादच्या छारानगरात ‘बुधन थिएटर’ने ती जागा काढली. भोरचे गणेश देवी आणि महाश्वेता देवी यांच्या विमुक्तांसाठीच्या कामातून 1998 मध्ये ही नाटक मंडळी उभी राहिली आणि दक्षिण बजरंगे नाटकातून चित्रपटाकडे वळले. त्यांनी माहितीपट केले, पुढे ‘समीर’ (2017) हा कथापटही केला.

महाराष्ट्रात भटक्या-विमुक्तांचं पाल हे बेघरपणाचं सर्वांत जुनं रूप. साहित्याने ते कधीच गाठलं: लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ 1980 चं, लक्ष्मण गायकवाड यांचं ‘उचल्या’ 1987 चं. दोन्हींना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि मराठी गद्याला आपले कान बदलावे लागले. पडद्यावर नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ने (2013) डुकरामागे धावणाऱ्या कैकाडी कुटुंबाची शरीरं ज्या अचूकपणे दाखवली, ती अचूकता बाहेरून येत नाही. ‘झुंड’मध्ये (2022) त्यांनी नागपूरच्या झोपडपट्टीतली पोरं उभी केली; ‘स्लम सॉकर’ या ज्या फुटबॉल उपक्रमावर तो बेतला, तिथले खेळाडू बेघरांच्या विश्वचषकात खेळले आहेत. पण हे एका समर्थ दिग्दर्शकाचे चित्रपट. पालावरच्या चारपाच जणांनी मिळून लिहिलेला, त्यांच्याच तांड्यासमोर चादरीवर पहिल्यांदा दाखवलेला, त्यांनी नको म्हटलेला भाग काढून मग शहरात आणलेला चित्रपट मी अजून पाहिलेला नाही. पैशापेक्षा मोठी अडचण संकलनाच्या खोलीची आहे. चार महिने तीच माणसं, तेच यंत्र आणि रात्री कुलूप लावून जाता येईल असं दार, एवढं मिळालं पाहिजे. शहरातल्या बेघर निवाऱ्यांत अशी एक खोली काढता येईल. प्रभात चित्र मंडळासारख्या फिल्म सोसायट्या पडदा देऊ शकतील, आणि मुंबईतून 2008 पासून चालणाऱ्या ‘पॅड.मा’ या संग्रहात न कापलेलं चित्रण, दृश्यागणिक टिपणांसह, ठेवता येईल. ती टिपणं चित्रण करणाऱ्यांनीच लिहावीत, आपल्या बोलीत, आणि कोणतं दृश्य कुणालाही दाखवू नये हेही त्यांनीच तिथे लिहून ठेवावं.